शब्दचर्चा : राउटरमधला ‘स्विच’ आणि ‘ब्रिज’

पानउलटी
एका लहान राउटरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय आणि एका वाक्यात अडकलेय. आशय असा : चार लॅन पोर्टांमध्ये (घरातल्या यंत्रांच्या तारा जोडायच्या खाचांमध्ये) हार्डवेअर स्विचिंग होतं, वायफाय मात्र त्यांना सॉफ्टवेअर ब्रिजिंगने जोडलेलं आहे. कोशात ‘स्विच’ला खटका, कळ, बटण, ‘ब्रिज’ला पूल, सेतू. त्यावरून मी लिहिलं, ‘यांत्रिक खटकाकरण व आज्ञावलीय सेतुबंधन’. दुसऱ्या दिवशी वाचलं तर डोळ्यांपुढे वानरसेना. काय करावं?

तारजोड
वानरसेना राहू द्या, आधी एक घोळ निस्तरू. तुम्ही हे दोन शब्द विरुद्धार्थी धरलेत, ते तसे नाहीत. काम एकच आहे. आलेल्या फ्रेमवरचा (फ्रेम म्हणजे तारेतून येणारा माहितीचा एक डबा) ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे ती ज्या यंत्राकडे जायची त्याचा क्रमांक, बघायचा, तो कुठल्या पोर्टापलीकडे आहे ते आठवायचं आणि फ्रेम तिकडे सोडायची. आठवत नसेल तर जिथून आली तो पोर्ट वगळून सगळीकडे. नेटवर्कच्या मानकांमध्ये या कामाचं नाव ‘ब्रिज’. १९९० च्या ८०२.१डी या मानकात तेच आणि पुढे ८०२.१क्यू मध्येही तेच. १९९० मध्येच ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने (हो, आपल्याच शब्दाची) सात पोर्टांचा ‘इथरस्विच’ आणला. तत्त्वतः तो अनेक पोर्टांचा ब्रिजच होता, फक्त पोर्टांच्या वेगवेगळ्या जोड्या त्यात एकाच वेळी बोलू शकत. बाजारात मग ‘स्विच’ रुळला. १९९४ मध्ये ती कंपनी सिस्को या नेटवर्क यंत्रांच्या कंपनीने घेतली, शब्द मात्र राहिला.

लहान राउटरवाल्यांच्या बोलण्यात या दोन शब्दांची वाटणी अशी झालीय : चिपने केलं तर स्विचिंग, प्रोसेसरने केलं तर ब्रिजिंग.

कोशकिडा
खटका तर बादच करा. खटक्याला चालू आणि बंद एवढंच कळतं. हा स्विच विजेच्या बटणाच्या कुळातला नाही, रेल्वेच्या रुळांच्या कुळातला आहे आणि तिथे मराठीत फार चांगला शब्द आहे : सांधा. गाडीने सांधा बदलला, असं आपण म्हणतोच. ‘सांधेबदल’ कसा वाटतो?

तारजोड
ऐकायला झकास. पण सांधा एकदा बदलला की अख्खी गाडी त्या रुळावरून जाते. इथे प्रत्येक डब्याचा निर्णय वेगळा.

‘पूल’ची अडचण याहून मोठी आहे. त्याच राउटरच्या पडद्यावर डीएचसीपीचा (यंत्रांना आपोआप पत्ते देणाऱ्या सोयीचा) इंग्रजी ‘पूल’ असतो, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा साठा. एका पानावर दोन पूल आले की वाचणारा बुडालाच. शिवाय ‘ब्रिज मोड’ हे तिसरंच प्रकरण : त्यात घरातलं यंत्र राउटिंग सोडून देतं आणि आलेलं पुढच्या यंत्राकडे नुसतं सरकवतं.

अर्धा_डबा
ओढ्यावरच्या लहान पुलाला ‘साकव’ म्हणतात. लहान राउटर, लहान पूल. सुचवून ठेवतो.

खरं म्हणजे एक अनुभव सांगायला आलो होतो. दोन संगणक एकाच राउटरला तारेने जोडलेले. त्यांच्यात काय बोलणं चाललंय ते पाहावं म्हणून राउटरवरच टीसीपीडम्प (येणारी-जाणारी वाहतूक दाखवणारी आज्ञावली) लावून बसलो. एका संगणकावरून दुसऱ्यावर मोठी फाइल जातेय, दिवे लुकलुकताहेत आणि पडद्यावर काही नाही. सुरुवातीची एआरपीची (‘हा पत्ता कुणाचा?’ असं विचारणारी) हाक तेवढी दिसली, ती सगळ्यांनाच ऐकू जाते. मी आधी तार बदलली, मग फायरवॉलचे नियम तपासत संध्याकाळ घालवली. दोष कशातच नव्हता. फाइल चिपमधूनच जात होती, प्रोसेसरपर्यंत ती येतच नव्हती.

कोशकिडा
म्हणजे परस्पर गेली!

अहो, शब्द घरातच होता की. ‘त्यांनी परस्पर ठरवलं’, ‘पैसे परस्पर दिले’ : मधल्याला न विचारता, त्याच्या हातात न देता. आणि याच्या उलट ‘मार्फत’. चार पोर्टांमधली वाहतूक परस्पर, वायफायची प्रोसेसरमार्फत. पूल नको, खटका नको.

पानउलटी
हे आवडलं. पण ‘परस्पर’ला एक चोरटी छटा आहे. परस्पर पावणेबारा वगैरे. शिवाय ‘परस्पर सहकार्य’मधला एकमेकांचा अर्थही वाचणाऱ्याच्या मनात येणार.

तारजोड
ती चोरटी छटा इथे हवीच आहे! प्रोसेसरला कळत नाही, म्हणून त्याच्यावर चालणारी फायरवॉल त्या फ्रेमा अडवू शकत नाही, मोजूही शकत नाही. अर्धा_डबा यांची संध्याकाळ तिथेच गेली.

फरक किती पडतो तेही सांगतो, म्हणजे पुस्तिकेने हे वाक्य का घातलं ते कळेल. एक गिगाबिटची तार भरून वाहत असेल आणि फ्रेमा मोठ्या असतील, तर एका दिशेने सेकंदाला साधारण ८१ हजार फ्रेमा येतात. सगळ्या ६४ बाइटच्या असल्या तर १४ लाख ८८ हजार. चिपला त्याचं काही वाटत नाही. लहान प्रोसेसरला मात्र प्रत्येक फ्रेम स्मृतीत घ्या, तक्ता बघा, बाहेर काढा, हे करताना धाप लागते. वायफायचा रेडिओ सहसा त्या स्विच चिपला जोडलेलाच नसतो, त्यामुळे तिथे मार्फत गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

आता वांधा. हल्ली पडद्यावर सगळीकडे ‘ब्रिज’च दिसतो. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांवरच्या राउटरओएस या प्रणालीत आवृत्ती ६.४१ पासून जुना ‘मास्टर पोर्ट’ (चिपचं स्विचिंग लावायची आधीची सेटिंग) गेला. आता पोर्ट ब्रिजमध्ये टाकायचे, आणि चिपला जमत असेल तर ती काम उचलते आणि पोर्टापुढे ‘एच’ (हार्डवेअरचा) अक्षर दिसतं. लिनक्सच्या डीएसए या स्विच चिप हाताळणाऱ्या व्यवस्थेतही तसंच : ब्रिज तुम्ही बांधता, राबते चिप. म्हणजे सेटिंगचं नाव ब्रिज, घडतं स्विचिंग. म्हणून त्या नावांचं भाषांतर करूच नका. पडद्यावर ‘ब्रिज’ असेल तर पुस्तिकेतही ‘ब्रिज’च ठेवा, नाहीतर माणूस पडद्यावर ‘साकव’ शोधत बसेल.

अर्धा_डबा
साकव मागे घेतो.

पानउलटी
मग असं लिहिते : ‘चार लॅन पोर्टांमधली वाहतूक स्विच चिप परस्पर हाताळते, ती प्रोसेसरपर्यंत जात नाही. वायफाय आणि लॅन यांच्यातली वाहतूक प्रोसेसरमार्फत, सॉफ्टवेअर ब्रिजमधून जाते.’ मूळ वाक्यापेक्षा लांब झालं, पण वाचणाऱ्याला कळेल.

कोशकिडा
‘हाताळते’ऐवजी ‘पोचवते’. चिप पोचवते.

तारजोड
आणि ‘वाहतूक’च्या आधी ‘आपापसातली’ घाला. इंटरनेटकडे जाणारी वाहतूक त्याच चार पोर्टांतून येते, पण तिला पत्ते बदलून घ्यायला प्रोसेसरकडे साधारणपणे जावंच लागतं. ते वगळलंत तर वाक्य खोटं ठरेल.

पानउलटी
घातलं. ‘पोचवते’ही केलं.