मदत हवी आहे: न्यू जर्सीतले बारके जाळीवाले कोळी, फणी दिसत नाही, पुढे कसं जायचं?

मृणाल_एनजे
तातडीने मदत हवी आहे. 14 बाटल्या आहेत, सगळे कोळी 2 ते 6 मिमी. जाळी विस्कटलेली, कशीही ताणलेली होती, म्हणजे थेरिडिइडीच (विस्कटलेली जाळी विणणाऱ्या कोळ्यांचं कूळ) असणार. पण ओळखतक्त्याच्या पहिल्याच पायरीवर अडकले आहे: चौथ्या पायाच्या टार्ससवर (शेवटच्या पेरावर) दातेरी केसांची फणी आहे की नाही? मला एकातही दिसत नाही. मग हे थेरिडिइडी नाहीतच का? कोळीतज्ज्ञ हर्बर्ट लेव्ही यांच्या 1955 आणि 1957 च्या आकृत्या उतरवून घेतल्या आहेत, पण त्यातली नावं आजच्या नावांशी जुळत नाहीत. शुक्रवारपर्यंत लेबलं लावून निसर्गकेंद्राला द्यायचे आहेत. कृपया नुसतं "फोटो टाका" म्हणू नका, फोटो धूसर येतात.

अष्टपाद
महत्त्वाचं सगळं राहिलंय. प्रौढ आहेत का? नर किती, माद्या किती? कशात ठेवलेत? फणी कशाने बघताय?

मृणाल_एनजे
70 टक्के अल्कोहोल. भिंग 20 पट. प्रौढ आहेत की नाही ते कसं कळणार? मोठे दिसतात ते प्रौढ धरले.

भिंगवाला
20 पटीला फणी दिसणार नाही. ती टार्ससच्या खालच्या अंगाला, एका ओळीत, वाकलेल्या दातेरी केसांची असते. वरून पाहिलं की पायाच्याच आड जाते. असं करा: एका बाजूचा चौथा पाय बुडाशी चिमट्याने सोडवा. काचपट्टीवर ग्लिसरिनचा थेंब, त्यात पाय कुशीवर आडवा, वर कव्हरस्लिप. मग कंपाउंड सूक्ष्मदर्शकाखाली 100 पट. कंडेन्सरची झडप बरीच बंद करा. ती उघडी राहिली तर केस एवढे पारदर्शक असतात की उजेडात दिसेनासे होतात. फणीत बऱ्याचदा जाळ्याचे धागे आणि धूळ अडकलेली असते, म्हणून आधी अल्कोहोलमध्येच मऊ कुंचल्याने झाडून घ्या. काढलेला पाय त्याच बाटलीत परत.

रानवाट
एवढी चिरफाड कशाला? फोन स्टँडवर लावा, पाठीचा एक आणि पोटाचा एक फोटो काढा, आयनॅचरॅलिस्टवर (फोटोवरून जीव ओळखून देणाऱ्या संकेतस्थळावर) टाका. याच कुळातल्या स्टिएटोडा ट्रायअँग्युलोसाच्या पाठीवरचे फिकट त्रिकोण कुणीही ओळखतं. स्टिएटोडा बोरियॅलिसच्या उदरावर, पाठीच्या अंगाला, पुढून फिकट कडा आणि मधून एक रेघ, मिळून टी अक्षर होतं. पाच मिनिटांचं काम.

अष्टपाद
रानवाट, या दोन जातींपुरतं बरोबर, तेही जिवंत असताना. थेरिडिऑन वंशात हा मार्ग बंद होतो. थेरिडिऑन फ्रॉन्डियमच्या एकाच जातीत पट्टे असलेले, ठिपके असलेले आणि नुसते पांढरट असे सगळे नमुने निघतात. रंगावरून लावलेलं नाव पुढे तसंच नोंदवहीत राहतं, आणि ते चुकलं तर कुणी उकरून काढत नाही.

मृणालताई, फणीबद्दल अजून एक. ती दिसली नाही म्हणून थेरिडिइडी नाही, असं होत नाही. बारक्या जातींत आणि प्रौढ नरांत ती अगदी क्षीण असते. उलट बाजूही लक्षात ठेवा: फणी असलेला प्रत्येक कोळी थेरिडिइडी नसतो. नेस्टिसिडी कुळातली आयडमॅनेला पॅलिडा, फिकट, 3 ते 4 मिमी, दमट तळघरात सापडते आणि तिला व्यवस्थित फणी असते. फरक ओठात, म्हणजे लेबियममध्ये. नेस्टिसिडीत लेबियमची पुढची कडा जाड दुमडलेली असते, थेरिडिइडीत ती साधी. तिसरे उमेदवार लिनिफिइडी कुळातले. त्यांचंही लेबियम जाड कडेचं, शिवाय टिबियावर (पायाच्या गुडघ्यापुढच्या पेरावर) वरच्या बाजूला उभे काटे आणि चेलिसेराच्या (जबड्यांच्या) बाहेरच्या अंगाला बारीक समांतर रेघा. थेरिडिइडीच्या पायांवर असे काटे नसतात. कोळी उताणा करून आधी लेबियम बघा, मग काटे, फणी सगळ्यात शेवटी.

सुगरण_प्लेनो
तळघरातून असे कोळी घालवायचे असतील तर अंडकोश (अंड्यांच्या पिशव्या) आधी काढा, नुसती जाळी झाडून उपयोग नसतो. आणि यात विषारी ब्लॅक विडो नाही ना? न्यू जर्सीत असतात म्हणे.

भिंगवाला
असतात, विडोंच्या लॅट्रोडेक्टस वंशातल्या मॅक्टन्स आणि व्हॅरिओलस दोन्ही. पिल्लं काळी नसतात, फिकट आणि पट्टेरी असतात, म्हणून रंग बघून निश्चिंत होऊ नये. डोळे बघा. स्टिएटोडात एकेका बाजूचे दोन डोळे एकमेकांना जवळजवळ टेकलेले, लॅट्रोडेक्टसमध्ये स्पष्ट सुटे. मृणालताईंचे कोळी अल्कोहोलमध्ये आहेत, त्यांना घालवायचा प्रश्नच नाही.

दोडामार्गकर
ब्राउन विडो, म्हणजे लॅट्रोडेक्टस जिओमेट्रिकस, भारतातूनही 2007 मध्ये नोंदली गेली. तिचा अंडकोश काटेरी असतो, बाकी विडोंचा गुळगुळीत. आमच्याकडे घराच्या जिन्याखाली लालसर पायांची नेस्टिकोडिस रूफिपेस असते, तीही याच कुळातली आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातही मिळते. तुमच्या बाटल्यांत ती असेल का?

अष्टपाद
न्यू जर्सीच्या थंडीत बाहेर कठीण. तो धागा वेगळा काढू या.

मृणाल_एनजे
आज केंद्रातला स्टिरिओ सूक्ष्मदर्शक मिळाला, 60 पटीपर्यंत जातो. लेबियम पाहिलं. 12 मध्ये साधी कडा. एकात जाड कडा, काटे आणि चेलिसेरावर रेघा, म्हणजे तो लिनिफिइडी, बाजूला ठेवला. एकात जाड कडा, पण पायांवर काटे नाहीत, रंग फिकट. तुम्ही म्हणता ती आयडमॅनेला तीच का? भिंगवाला यांच्या पद्धतीने बाटली 6 चा पाय काढून पाहिला, फणी दिसली! वाकलेले केस, एका ओळीत. पण कोळी बघताना सारखा कलंडतो. आणि सगळे कडक झालेत, पाय आखडलेत, लाल रंग गेलाय.

भिंगवाला
कडक झालेत? कोणतं अल्कोहोल आहे?

मृणाल_एनजे
औषधाच्या दुकानातलं, रबिंग अल्कोहोल.

भिंगवाला
ते आयसोप्रोपिल. त्यात कोळी ताठ होतात. 75 ते 80 टक्के इथेनॉलमध्ये हलवा आणि दुसऱ्या दिवशी ते एकदा बदला, कारण अंगातल्या पाण्याने पहिला भरणा पातळ होतो. लाल आणि हिरवा रंग कोणत्याही अल्कोहोलमध्ये जातो. रंगाची नोंद जिवंत असतानाच घ्यावी लागते.

कलंडण्यावर उपाय: छोट्या काचेच्या बशीत धुतलेली बारीक वाळू किंवा काचेचे बारीक मणी, वर कोळी पूर्ण बुडेल इतकं अल्कोहोल. वाळूत बोटाने खळगा करून कोळी उताणा बसवा. अंगाचा भाग द्रवाबाहेर राहिला की तो चकाकतो आणि काही दिसत नाही. फोटो काढायचा असेल तर वाळूऐवजी पारदर्शक हँड सॅनिटायझरची जेल घ्या, त्यात हवा तो कोन पकडता येतो. फक्त जेल ओतून तासभर ठेवा म्हणजे बुडबुडे वर येतात, आणि काम झालं की कोळी अल्कोहोलमध्ये दोनदा धुवा, नाहीतर केसांवर जेलचा थर राहतो.

अष्टपाद
आता प्रौढपण. मादी असेल तर उदराच्या खालच्या अंगाला, पुस्तकी फुप्फुसांच्या मध्ये, आडव्या खाचेच्या लगेच पुढे बघा. प्रौढ मादीत तिथे गडद, कडक ठिकरीसारखा एपिगाइन (मादीच्या जननांगाचं कवच) असतो आणि त्यात भोकं किंवा खळगा स्पष्ट दिसतो. शेवटची कात बाकी असलेल्या मादीत तिथे नुसता फिकट फुगवटा असतो. नराचे पाल्प (तोंडाजवळचे आखूड पायांसारखे अवयव) बघा: टोक फुगलेलं पण गुळगुळीत, तर अपक्व. आत काळे वळसे आणि आकडे दिसले, तर प्रौढ. आकाराने मोठा म्हणजे प्रौढ, हे या कुळात चालत नाही. हेन्ट्झिएक्टिपस ग्लोबोससची पूर्ण वाढलेली मादी साधारण 2 मिमी, तिच्यापेक्षा स्टिएटोडाचं पिल्लू मोठं दिसतं.

आणि फिकट मादी प्रौढ असेल तर तिला "नेस्टिसिडी" एवढंच लिहा. एपिगाइन आकृतीशी जुळवल्यावर मग आयडमॅनेला म्हणा.

जनुककोश
यातलं काहीच करायची गरज नाही. प्रत्येकाचा एक पाय 95 टक्के इथेनॉलमध्ये टाकून सीओआय बारकोड, म्हणजे सीओआय जनुकावरून ओळख, करून घ्या. डीएनएचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा, पिल्लांनाही चालतो. पॅरास्टिएटोडा टेपिडॅरिओरमचा तर अख्खा जीनोम 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भवाढीच्या अभ्यासात ती आता नमुना प्राणी (मॉडेल) झाली आहे.

अष्टपाद
पिल्लांसाठी बारकोड उत्तम, ते मान्य. पण तुकडा ज्या नोंदीशी जुळवणार, त्या नोंदीच्या कोळ्याला नाव कुणीतरी एपिगाइन बघूनच दिलेलं असतं. ते चुकलेलं असेल तर तीच चूक तुमच्या लेबलवर येते. आणि शुक्रवारपर्यंत निकाल येणार नाही.

जनुककोश
मग पाय तरी राखून ठेवा. पुढे तपासता येईल. पण भिंगवाला सांगतात तसा ग्लिसरिनमधला पाय नको, वेगळा ताजा पाय.

मृणाल_एनजे
12 पैकी 5 माद्यांना एपिगाइन, 2 नर प्रौढ, 5 पिल्लं. आता वंश कसा पाडू? आणि जुन्या नावांचं काय? लेव्हींच्या 1955 च्या लेखात ॲकीअरॅनिया टेपिडॅरिओरम आहे. लेबलवर तेच लिहू?

अष्टपाद
नाही. आजचं नाव पॅरास्टिएटोडा टेपिडॅरिओरम, आणि त्यापुढे कंसात (सी. एल. कॉख, 1841). कंस अशासाठी की मूळ वर्णन दुसऱ्या वंशाखाली झालं होतं. तसंच ॲकीअरॅनिया ग्लोबोसा आता हेन्ट्झिएक्टिपस ग्लोबोसस, स्टिएटोडा अमेरिकाना आता असाजेना अमेरिकाना, पैडिस्का वंश आता थायमॉइटीस. प्रत्येक नाव बर्नच्या वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्ये टाकून बघा, बदल तिथे सापडतात. नावं जुनी असली तरी लेव्हींच्या आकृत्या आजही पहिल्या दर्जाच्या आहेत.

वंशासाठी कोल्युलस बघा. पुढच्या स्पिनरेटच्या (धागा सोडणाऱ्या अवयवाच्या) अगदी पुढे, मधोमध, एक छोटा मांसल उंचवटा. स्टिएटोडा, एनोप्लोग्नाथा, लॅट्रोडेक्टस यांत तो मोठा असतो. थेरिडिऑन, पॅरास्टिएटोडा यांत नसतोच. कोल्युलस मोठा असेल तर चेलिसेराची मागची कडा बघा: तिथे दात असेल तर एनोप्लोग्नाथा, नसेल तर स्टिएटोडाकडे. कोल्युलस नाही आणि उदर लांबीपेक्षा उंच, तर पॅरास्टिएटोडा. मग एपिगाइन.

बाटल्या कुठून कुठून गोळा केल्या होत्या?

मृणाल_एनजे
बहुतेक तळघर आणि गॅरेज. 9, 11 आणि 12 कुंपणाच्या झुडपांतून. ते सांगायला हवं होतं का?

अष्टपाद
पहिल्याच ओळीत! झुडपांवर थेरिडिऑन फ्रॉन्डियम, थेरिडिऑन म्युरॅरियम, एनोप्लोग्नाथा ओव्हाटा असे वेगळेच उमेदवार येतात. गॅरेजमधल्यांत टेपिडॅरिओरमबरोबर पॅरास्टिएटोडा टॅब्युलाटाही धरा. तिचं वर्णन 1980 मध्ये लेव्हींनीच केलं, म्हणजे तुमच्या 1955 च्या पानांत ती सापडणार नाही. जाळ्यात काडीकचऱ्याचा आडोसा केलेला होता का? तसा ती करते.

मृणाल_एनजे
एका जाळ्यात होता, बाटली 3. बाकीच्यांजवळ तपकिरी, कागदासारखे, पेअरच्या आकाराचे अंडकोश होते.

बाटली 9 ची मादी: कोल्युलस नाही, एपिगाइन आहे पण आतलं काही दिसत नाही. लवंगतेलात टाकलं तर सगळं दुधाळ झालं.

भिंगवाला
सरळ 70 टक्क्यांतून टाकलं असणार. त्यातलं पाणी लवंगतेलात मिसळत नाही. एपिगाइन सुईने कापून 95 टक्क्यांत दहा मिनिटं, दुसऱ्या ताज्या 95 मध्ये पुन्हा दहा, मग तेल. अर्ध्या तासात आतल्या नळ्या आणि शुक्रकोश (नराचं वीर्य साठवणाऱ्या पिशव्या) दिसू लागतील. आता दुधाळ झालेला तुकडा खराब नाही, तसाच 95 मध्ये परत टाका. कॉस्टिक पोटॅश वापरू नका. 10 टक्क्यांचं कोमट द्रावण मांस झपाट्याने खातं, लक्ष चुकलं तर पातळ पडदेही जातात आणि 2 मिमीच्या मादीत काही उरत नाही.

जनुककोश
पँक्रिएटिन (मांस पचवणारं विकर) वापरा, त्याने कायटिनला (कडक कवचाला) धक्का लागत नाही.

भिंगवाला
चांगलं आहे, पण रात्रभर लागतं. उद्या शुक्रवार आहे.

मृणाल_एनजे
दिसलं! दोन गोल शुक्रकोश आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या नळ्या. 1957 च्या आकृत्यांशी ताडून पाहिलं, थेरिडिऑन म्युरॅरियमशी जुळतंय, पाठीवरचा लहरी कडांचा पट्टाही तसाच. तळघरातल्या तीन माद्या टेपिडॅरिओरम. बाटली 3 च्या एपिगाइनबद्दल खात्री होत नाही. फिकट मादी प्रौढ निघाली नाही. पिल्लांचं काय लिहू?

अष्टपाद
बाटली 3: "पॅरास्टिएटोडा, जात अनिश्चित, आडोसा काडीकचऱ्याचा". फिकटवर "नेस्टिसिडी, अपक्व". पिल्लांवर "थेरिडिइडी, अपक्व", आणि कोल्युलस पाहिला असेल तर तेवढी भर. दोन नरांचा डावा पाल्प खालून पाहून आकृतीशी ताडा. वेळ नसेल तर तेही वंशापर्यंतच ठेवा.

लेबल बाटलीच्या आत, पेन्सिलने, जाड कागदावर. इंकजेटची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. राज्य, काउंटी, ठिकाण, तारीख, तळघर की झुडूप, गोळा करणाऱ्याचं नाव. जातीचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर, ओळखणाऱ्याचं नाव आणि वर्ष घालून, म्हणजे पुढे कुणी नाव बदललं तर जुनी चिठ्ठी आतच राहते. कापलेला एपिगाइन बारक्या नळीत घालून त्याच बाटलीत.

भिंगवाला
आणि बाटली 6 चा पाय ग्लिसरिनमधून काढून परत टाकलात ना? काचपट्टीवर विसरला असेल तर अल्कोहोलने सुटवून घ्या, कव्हरस्लिप ओढू नका.