ब्रेक पॅड बदलले तरी मीटरमधला लाइट जात नाही, काय करावं?

मुळशीकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१४ ची बीएमडब्ल्यू ३२०डी आहे, सेकंडहँड घेतलेली. मागच्या आठवड्यात माणगावहून ताम्हिणी चढून येताना मीटरमध्ये ब्रेकचा पिवळा लाइट लागला. दुसऱ्याच दिवशी घराजवळच्या गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलून घेतले. जुने पॅड मला दाखवले, जेमतेम ३ मिमी उरले होते. डिस्क चांगली आहे म्हणाले.

लाइट मात्र तसाच आहे. गॅरेजवाले म्हणतात, "चालवा, आपोआप जाईल." २०० किमी झाले, गेला नाही. ब्रेक नीट लागतायत, आवाज नाही. शनिवारी आईबाबांना घेऊन श्रीवर्धनला जायचंय, म्हणजे पुन्हा तोच घाट उतरायचा. अशी गाडी न्यावी का? आणि हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच करावं लागतं का, की बाहेर होतं?

रानवाट:
आधी कोणता लाइट आहे ते नक्की करा. गोलात उद्गारचिन्ह आणि रंग लाल असेल तर हँडब्रेक अर्धवट ओढलेला असतो किंवा ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं. पॅडचा लाइट वेगळा, गोलाच्या दोन्ही बाजूंना तुटक कंस असतात. ऑइलची बाटली एकदा बघाच. पॅड झिजतात तसा पॅडला दाबणारा पिस्टन बाहेर येतो आणि बाटलीतली पातळी खाली जाते. हँडब्रेक पूर्ण सोडूनही लाल लाइट राहिला तर अजिबात गाडी हलवू नका.

मुळशीकर:
पिवळाच आहे, तुटक कंसवाला. ऑइल मॅक्सच्या खुणेला आहे.

कोकणकडा:
माझ्या ऑक्टाव्हियाला असंच झालं होतं. तिच्यात पॅड झिजल्याचं कळवणाऱ्या सेन्सरची वायर पॅडमध्येच येते. मेकॅनिकने पॅड नवे घातले पण प्लग नीट दाबला नव्हता. दाबल्यावर लाइट गेला, रीसेट वगैरे काही लागलं नाही. तुमच्या गाडीत सेन्सर वेगळा असतो बहुतेक.

इंद्रायणी७:
सोपा उपाय आहे. सेन्सरच्या दोन वायरी कापून एकमेकींना जोडा, वर टेप मारा. माझ्या मित्राची गाडी दोन वर्षं तशीच चालली.

पाना_पक्कड:
हे कृपा करून करू नका. साताऱ्यात चौदा वर्षं गॅरेजचं काम करतोय, म्हणून कळकळीने सांगतो. या सेन्सरच्या टोकात वायरीचा एक वळसा असतो. पॅड ठरावीक जाडीपर्यंत झिजला की डिस्क ते टोकही घासते, वळसा तुटतो आणि लाइट लागतो. वायरी जोडून टाकल्या की तो वळसा कधीच तुटणार नाही. मग पॅड संपून लोखंड डिस्कला लागेपर्यंत मीटर गप्पच राहील. असे जोड मी हाताने काढलेत. डिस्कवर बोट फिरवलं तर नांगरटीसारख्या चऱ्या लागायच्या, आणि एरवी नुसत्या पॅडवर भागलं असतं तिथे डिस्कही बदलावी लागायची.

मुळशीकर दादा, एकदा घासलेला सेन्सर पुन्हा चालत नाही. पॅड बदलले की तोही नवा लागतो. तुमच्या गाडीत दोनच असतात. पुढचा डाव्या चाकाला, मागचा उजव्या चाकाला, दोन्ही आतल्या पॅडमध्ये. आधी बिल काढा आणि सेन्सरची ओळ आहे का बघा. मग चाक काढून वायरीच्या मागे जा. ती चाकाच्या कमानीत एका छोट्या काळ्या डबीत जाते, तिथे प्लग असतो. नवा बसवताना वायर तिच्या प्रत्येक क्लिपमध्ये बसली पाहिजे. नंतर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जाता कामा नये आणि टायरलाही लागता कामा नये.

नुसता सेन्सर घालूनही लाइट जाणार नाही, रीसेट करावं लागेल. ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्टचं बटण दाबायचं, इग्निशन ऑन आणि इंजिन बंद. मीटरवरचं ट्रिपचं बटण दहा-एक सेकंद दाबून धरायचं, सर्व्हिसची यादी येईल. थोडं थोडं दाबत पुढच्या ब्रेकच्या चिन्हावर जायचं, धरून ठेवायचं, रीसेट विचारलं की पुन्हा धरायचं. सेन्सर तुटलेला असेल तर गाडी रीसेट घेतच नाही, ही चांगली परीक्षा आहे. सर्व्हिस सेंटरला जायची गरज नाही, पण सेन्सर तुमच्या मॉडेलचाच घ्या, चासी नंबर देऊन. वायर थोडी कमी पडली तरी त्रास होतो.

शनिवारचं म्हणाल तर पॅड खरंच नवे आहेत याची डोळ्यांनी खात्री झाली की घाट उतरायला हरकत नाही. खालचा गिअर धरून उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. आणि त्याआधी मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत असे आठ-दहा वेळा ब्रेक मारा. पूर्ण थांबायचं नाही, मधे हवा लागू द्यायची. नवे पॅड त्याशिवाय डिस्कवर बसत नाहीत.

मुळशीकर:
पाना_पक्कड, मनापासून आभार. बिलात सेन्सर नव्हताच. दुसऱ्या मेकॅनिककडे डावं चाक काढलं. जुनाच सेन्सर नव्या पॅडमध्ये खोचला होता. प्लास्टिकचं टोक सपाट झालेलं, आणि त्यात तांब्याचे दोन ठिपके चमकत होते. हातात घेतल्यावर तुम्ही सांगितलेला तुटलेला वळसा डोळ्यांना दिसला.

नवा बसवला. रीसेट पहिल्यांदा झालं नाही, कारण मी इंजिन चालू ठेवून करत होतो. बंद करून केलं आणि लाइट गेला. पहिल्या गॅरेजने ही गोष्ट सांगायला हवी होती. आईबाबांना घेऊन त्या घाटात उतरायचं होतं, त्यामुळे फार मनाला लागलं.

एक शेवटचं. मागचे पॅड ५ मिमी आहेत. मागचा सेन्सर आत्ताच बदलून टाकू का?

पाना_पक्कड:
आत्ता काढू नका. जुन्या सेन्सरचं प्लास्टिक उष्णतेने कडक झालेलं असतं, ओढताना तुटतं. पुढच्या सर्व्हिसला पॅड मोजून घ्या, आणि ज्या दिवशी मागचे पॅड मागवाल त्याच दिवशी सेन्सरही मागवा.