चिखलाचा असला तरी वसंतच!

कॅनडात बघण्यासारखा ऋतू एकच, पानगळीचा, आणि वसंत म्हणजे नुसता चिखल, असं कुणीतरी लिहिलंय. पानगळ सुंदरच, वाद नाही. पण माझं मत वसंतालाच.

ऑटवात मार्चमध्ये रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळे पडतात, बूट चिखलाने माखतात, हे खरं. पण उणे २५ची थंडी सोसल्यावर तो चिखलही मला गोड वाटतो. त्याच दिवसांत पारा रात्री शून्याखाली आणि दुपारी शून्याच्या वर जाऊ लागला, की मेपलच्या खोडातून रस झरू लागतो. दिसायला निव्वळ पाणी, चवीला जेमतेम गोड. साधारण ४० लिटर आटवावा तेव्हा कुठे लिटरभर पाक मिळतो! गुऱ्हाळावर वाढलेल्यांनी ती वाफ एकदा तरी अंगावर घ्यावीच.

मग मे महिन्यात, पालवीची सावली दाटायच्या आत, जंगलात पांढरं ट्रिलियम फुलतं. तीन पानं, तीन पाकळ्या. ऑटवा ज्या प्रांतात आहे, त्या ओंटारियोचं अधिकृत फूल आहे ते. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात, तेव्हा तोडू मात्र नका. मेमध्ये सवड असेल तर ऑटवाजवळच्या गॅटिनोच्या टेकड्यांत नक्की चक्कर मारा.