मदत हवी आहे: डॉगरलँडची माणसं समुद्राला बांध घालतील का?

नमस्कार मंडळी,

इतिहास वेगळा घडला असता तर, अशी एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे आणि ती एका जागी अडली आहे. इथे खाडीकाठची माणसं आहेत, भूगर्भशास्त्र शिकलेली आहेत, नेदरलँड्स-इंग्लंडात राहणारीही बरीच आहेत, म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी. आज जिथे उत्तर समुद्र आहे तिथे हिमयुगाच्या अखेरीस जमीन होती. इंग्लंडच्या पूर्व भागातून निघालं तर पायी डेन्मार्कपर्यंत जाता आलं असतं. १९३१ मध्ये कोलिंडा नावाच्या मासेमारी बोटीच्या जाळ्यात, नॉरफोकपासून बऱ्याच अंतरावर, समुद्रतळाच्या पीटचं (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराचं) एक ढेकूळ आलं. ते फोडल्यावर आत शिंगाचं, काटे कोरलेलं भाल्याचं टोक मिळालं. १९९८ मध्ये ब्रायोनी कोल्स यांनी या बुडालेल्या मुलखाला डॉगरलँड हे नाव दिलं. पुढे व्हिन्सेंट गॅफ्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेल-वायू शोधताना गोळा झालेल्या भूकंपीय सर्वेक्षणांवरून तिथल्या नद्या, तळी, टेकड्या नकाशावर उतरवल्या. तो नकाशा पाहिल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही. नद्या आहेत, म्हणजे काठ होते, काठांवर चुली होत्या.

माझी कथा सुमारे ८४०० वर्षांपूर्वीची. तोवर बराच मुलूख पाण्याखाली गेलेला आहे. एका नदीच्या मुखावर वस्ती आहे. शेती नाही, मडकं नाही, धातू नाही. कुत्री आहेत, एका खोडातून कोरलेल्या होड्या आहेत (नेदरलँड्समध्ये पेसे गावाजवळ १९५५ मध्ये सापडलेली होडी याहूनही जुनी आहे), भाजलेले हेझलनट साठवायचे खड्डे आहेत. आणि ओहोटीत मासे अडवायला हेझलच्या फोका विणून उभी केलेली कुंपणं आहेत. इतिहास वळतो तो इथेच. एका कुंपणामागे गाळ साठत जातो, जमीन हातभर वर येते, उधाणाचं पाणी तिथे पोचत नाही. एका बाईच्या ते लक्षात येतं आणि ती दुसरं कुंपण माशांसाठी न बांधता पाण्यासाठी बांधते.

आता अडचणी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: ही माणसं थांबतील का? ती हिंडती माणसं. पाणी आलं तर सामान उचलून वर सरकायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. शिवाय समुद्र धावून येत नव्हता. अगदी वेगाच्या काळात तो शतकाला सुमारे एक मीटर चढला असं धरते. किनारा हजारास एक इतका सपाट मानला तर शंभर वर्षांत किलोमीटरभर जमीन जाते, म्हणजे आई आणि मुलगी यांच्या काळात अडीचशे मीटरचा फरक. आधी झऱ्याचं पाणी मचूळ होतं, मग ओकची झाडं उभीच वाळतात, समुद्र नंतर येतो. इतक्या संथ गोष्टीविरुद्ध कोणी कंबर कसेल का?

मला सुचलेलं उत्तर म्हणजे मृतांची जागा. डेन्मार्कमध्ये वेडबेक इथे शिकारी-संकलकांची दफनभूमी सापडली. तिथे एका तरुण बाईशेजारी तिचं नवजात बाळ हंसाच्या पंखावर ठेवून पुरलेलं आहे. स्वीडनमध्ये स्केटहोमला तर कुत्र्यांनाही माणसांसारखं मानाने पुरलं आहे. ही दोन्ही ठिकाणं माझ्या कथेच्या काळानंतरची आहेत, तरी ज्या माणसांनी बाळाखाली पंख अंथरला ती माणसं ती जागा पाण्याला सहज देऊन टाकतील असं मला वाटत नाही. झोपडी हलवता येते, दफनभूमी हलत नाही. पण एवढं कारण पिढ्यान् पिढ्या माती वाहायला पुरेल का? जाणकारांनी स्पष्ट सांगावं.

दुसरी अडचण बांधाची. कोकणातल्या खारभूमीत आणि गोव्याच्या खाजनात (बांध घालून खाडीकडून मिळवलेल्या शेतजमिनीत) जी मंडळी वाढली आहेत त्यांना विचारायचं आहे: बांध नेमका कुठून हार खातो? तो वाचवायला किती माणसं, किती वेळात लागतात? पुस्तकी माहिती मिळते, पण रात्रीच्या उधाणात बांधावर उभं राहिलेल्या माणसाची माहिती हवी आहे.

तिसरी: स्टोरेग्गा. सुमारे ८१५० वर्षांपूर्वी नॉर्वेजवळ समुद्रतळाचा प्रचंड कडा घसरला आणि त्सुनामी आली. तिने वाहून आणलेल्या वाळूचा थर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आजही दिसतो. नॉर्वेत त्या थरात गाडल्या गेलेल्या शेवाळाची वाढ कुठवर आली होती ते पाहून संशोधकांनी ऋतूही काढला आहे: शरदाचा शेवट, हिवाळ्याच्या तोंडावर. म्हणजे हिवाळ्याची बेगमी खड्ड्यांत भरून झालेली असताना. बांध तिच्यापुढे टिकवावा की जाऊ द्यावा?

----

प्रतिसाद: खारेपाट

ताई, धागा वाचून राहवलं नाही. आमचं घर बांधाच्या आतलं.

बांध लाटेने फुटतो असं बाहेरच्यांना वाटतं. बहुतेक वेळा त्याची सुरुवात खेकड्याच्या बिळापासून होते. बिळातून पाणी झिरपतं, माती आतून सैल होते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तेवढाच तुकडा बसतो. एकदा खांड (बांधाला भगदाड) पडली की प्रत्येक भरती ती रुंद करते. मोठी खांड बुजवायची तर भांगाच्या (भरती लहान असते त्या) दिवसांची वाट पाहायची, आणि त्यातही ओहोटीचे तेवढे तास हाताशी. माती खाडीचीच, चिकट. खांबांच्या दोन रांगा, मध्ये फांद्या, गवत आणि चिखल. तुमच्या माणसांना हे सगळं जमेल, यात लोखंडाचं काही काम नाही.

पण एक मोठी गोष्ट तुमच्या मांडणीत नाही. तुम्ही नदीच्या मुखावर बांध घालताय. नदीचं पाणी कुठे जाणार? पावसाळ्यात वस्ती समुद्राने नाही, आतल्या पाण्याने बुडेल. आमच्याकडे त्यासाठी उघाडी असते, गोव्यात मानस. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने झडप बाहेर उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटते. झडप नसेल तर रोज दोनदा कोणीतरी फळी काढायची आणि घालायची. कथेत मला तो माणूस दिसतो. त्याला झोप लागली तर?

थांबण्याच्या प्रश्नावर सांगतो. आमच्या आधीच्या पिढ्यांनी बांध राखला कारण आत भात होतं आणि एका घराने हात आखडला तर सगळ्यांची शेतं खारी होत. खारं झालेलं शेत पुन्हा गोडं व्हायला पाऊस लागतो. तुमच्या लोकांकडे भात नाही. त्यांना बांधाच्या आत असं काय मिळतं जे बाहेर मिळत नाही? मृतांच्या जागेने पहिला बांध उभा राहील. दुसऱ्या वर्षीची डागडुजी पोटाच्या कारणाशिवाय होणार नाही असं माझं मत.

----

प्रतिसाद: ओली माती

वरच्या प्रतिसादाशी सहमत. माझा विषय भूशास्त्र, सध्या मुक्काम नेदरलँड्स.

थांबतील का, यासाठी दोन पुरावे देते. इस्रायलच्या कार्मेल किनाऱ्यालगत तेल ह्रेझ नावाचं नवाश्मयुगीन गाव बुडालेलं आहे. तिथे समुद्राच्या बाजूने शंभर मीटरहून लांब दगडी भिंत मिळाली, सुमारे ७००० वर्षांपूर्वीची. त्यातले मोठे धोंडे किलोमीटर-दोन किलोमीटरवरून आणलेले. समुद्र अडवायला घातलेली माहीत असलेली ही सर्वांत जुनी भिंत. भिंत हरली, गाव बुडालं, पण लोकांनी प्रयत्न केला होता. ती माणसं शेतकरी होती, हे मात्र लक्षात घ्या. शिकारी लोकांसाठी बाल्टिक समुद्राकडे बघा: जर्मनीच्या मेक्लेनबुर्ग उपसागरात २१ मीटर खोल पाण्यात जवळपास एक किलोमीटर लांब दगडांची ओळ सापडली, २०२४ मध्ये तिच्यावर शोधनिबंध आला. ती दहा हजार वर्षांहून जुनी असावी, बहुधा रेनडियर अडवायला रचलेली. उंचीला मीटरभरही नाही. पण एकत्र येऊन लांब काही रचायचं, ही कल्पना त्या लोकांना परकी नव्हती.

फळीची काळजी करू नका. इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट बेटाजवळ बोल्डनर क्लिफला ११ मीटर पाण्याखाली ८००० वर्षांपूर्वीची वस्ती आहे, तिथे उभं चिरलेलं लाकूड मिळालं आहे.

आता वाईट बातमी. तुमच्या बांधाच्या आत पीट असणार. त्यातलं पाणी काढलं की ते आकसतं, हवा लागून कुजतं आणि जमीन खाली बसते. पश्चिम नेदरलँड्समध्ये मध्ययुगापासून हेच झालं आहे. त्यातून उत्तर समुद्राच्या दक्षिण भागातली जमीन उत्तरेकडच्या हिमचादरींचा भार उतरल्यानंतर आपणहून खचत होती. म्हणजे तुमच्या बाईने बांध घातला की तिच्या नातवंडांची जमीन समुद्राच्या पातळीखाली जाणार. मग त्यांना निघून जायचा मार्गच उरत नाही, बांध उंच करत राहावंच लागतं. माझ्या मते तुमची खरी कथा या जागी आहे, त्सुनामीत नाही.

----

प्रतिसाद: निळी रेघ

शास्त्रातलं मला कळत नाही, वाचक म्हणून लिहितो. मराठी वाचकाला मूळ डॉगरलँडच माहीत नाही. मग इतिहास बदलला हे त्याला कसं कळणार? १९३१ ची बोट कथेत आणा. बांध दोन-तीनशे वर्षं टिकून हरला असं ठेवलंत तर त्या जाळ्यात भाल्याच्या टोकाऐवजी चिरलेली फळी येऊ शकते. बांध कायमचा जिंकला तर तिथे समुद्रच नाही, मग बोटही नाही.

----

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. नदीचं पाणी आणि पीटचं खचणं, या दोन गोष्टींनी अर्धी कथा नव्याने लिहावी लागणार आहे आणि मला त्याचा आनंदच आहे.

पोटाचं कारण मला आता असं दिसतं: बांधाच्या आत गोडं पाणी राहतं, म्हणून तिथे पाणपक्षी उतरतात, हेझल जगतं, हरणं प्यायला येतात. बाहेरच्या टोळ्यांचे झरे खारट झालेले असताना या एका जागी गोडं पाणी आहे. म्हणजे बाहेरून माणसं येणार, पाणी मागणार, आणि माती वाहिल्याशिवाय पाणी नाही असा नियम कोणीतरी करणार. तो नियम करणारा माणूस मला अजून नीट ओळखीचा झालेला नाही.

स्टोरेग्गा ठेवते, पण शेवटी नाही, मध्यावर. लाट बांध फोडते, हिवाळ्याची बेगमी जाते, आणि वाचलेल्यांपुढे पुन्हा पहिलाच प्रश्न येतो: राहायचं की जायचं? जमीन खाली बसलेली असल्यामुळे पाणी या वेळी आपणहून ओसरत नाही. फळीवरचा माणूसही नक्की घेणार.

'खारेपाट', अजून एक विचारते. खांड पडल्याची बातमी वस्तीभर कशी पोचवायचे? हाक, शंख, आग, की माणूस धावत जायचा? आणि आधी कोणाच्या दारात? गोव्यातल्या कोणी मानशीवर राखण केली असेल तर रात्रीच्या भरतीचा अंदाज अंधारात कसा घेतात तेही लिहावं.