'माणुसकीची कत्तल' नको, मग काय लिहू?

पाणकोंबडा: नॉर्वेतल्या सामनपालनावरचा लेख मराठीत आणतोय. तिथल्या २००९ च्या प्राणिकल्याण कायद्यात मासेही येतात. म्हणून सामनला आधी डोक्यात ठोका किंवा विजेचा झटका देऊन बेशुद्ध करतात, मग कल्ले कापून रक्त जाऊ देतात. याला म्हणतात 'ह्यूमेन स्लॉटर'. 'माणुसकीची कत्तल' लिहिलं तर माणुसकीच मेली! संपादक 'मानवीय वध' म्हणतात. मला नरबळी दिसतो.

रेवती_: वध कंसाचा होतो, माशाचा नाही. कत्तलही नाही, तिला कळप किंवा गाव लागतं. मासा नुसता मारतात. 'कमी त्रासात मारणे' लिहा.

पाणकोंबडा: पण 'मासे मारणे' म्हणजे आपल्याकडे पकडणे! गळाला लागला की मारला. पुढे टोपलीत तडफडत राहिला तरी त्याच्या मरण्याला वेगळं क्रियापद नाही.

आडवाटा: सामन म्हणजे रावसच ना?

रेवती_: नाही हो. हॉटेलवाल्यांनी केलेला घोळ आहे तो.

स्वभाषा: कत्तल अरबी आहे. 'सुखहनन' घ्या.

रेवती_: सुखाचं हनन? आणि अरबी काढायचं तर वकील, हवा, साहेब हेही काढा.

आडवाटा: 'झटका' हा शब्द आहे की तयार.

पाणकोंबडा: झटक्यात जनावर एका घावात संपतं. इथे आधी शुद्ध जाते, मरण नंतर येतं. मुद्दा नेमका तोच आहे.

भीमाकाठ: उजनीकडचा आहे. चिलापी काढली की थेट बर्फात. गप्प पडली म्हणजे मेली असं वाटतं, पण थंडीने नुसती हालचाल मंदावते, शुद्ध लगेच जात नाही. मरळ तर वरची हवा घेते, टपात बराच वेळ जिवंत राहते. बाजारात मावशी तिला पोत्याच्या तुकड्यात धरते, डोक्यावर दांडक्याचा एकच ठोका, मग खवले. गिऱ्हाईक म्हणतं, "मावशी, गार करून द्या." नॉर्वेवाल्यांचं निम्मं काम ती रोज करते.

पाणकोंबडा: 'गार करणे' झकास! पण छापील लेखात?

स्वभाषा: ते ग्राम्य आहे. शिवाय 'गार' बर्फावरून आलंय, म्हणजे तुमचा अर्थच उलटा होईल.

भीमाकाठ: बर्फाचा काय संबंध? माणूस मेला की अंग गार पडतं.

आडवाटा: गारा पडतात ती गार वेगळी का मग?

रेवती_: ते राहू दे. भीमाकाठ, मरळ 'ती' कधीपासून? आमच्या नांदेडकडे मरळ 'तो'.