द ऑफिसवाला स्टीव्ह कॅरेल गंभीर रोलमध्ये: कुठून सुरू करू?

खिडकीपाशी

द ऑफिस ही अमेरिकन विनोदी मालिका (ऑफिसवर डॉक्युमेंटरी चालू आहे अशा थाटातली, सारखे कॅमेऱ्याकडे बघणारे लोक) बघून एकदाचं संपलं. म्हणजे खरं तर मायकल स्कॉट, कॅरेलने केलेला बॉस, सातव्या सीझनला गेला तेव्हाच माझ्यापुरतं संपलं होतं, पुढचं नुसतं ओढत नेलं. आता स्टीव्ह कॅरेलचं अजून काय काय आहे म्हणून शोधायला गेले तर चक्रावलेच. निम्म्या लिस्टमध्ये हा माणूस कुणा ना कुणा खऱ्याखुऱ्या माणसाचा रोल करतोय, खून करणारा श्रीमंत वारसदार काय, सत्तरच्या दशकातला टेनिसपटू काय, अमेरिकेचा संरक्षणमंत्री काय, ड्रग्जच्या नादी लागलेल्या मुलाचा बाप काय.

काल फॉक्सकॅचर लावला आणि थोड्या वेळात बंद केला. वाईट होता म्हणून नाही हां. तो मान मागे टाकून हळूहळू बोलायला लागला आणि मी आपली वाट बघत बसले की आता काहीतरी बावळटपणा करेल, आता कॅमेऱ्याकडे बघेल. बघतच नाही तो! मग मलाच कसंतरी व्हायला लागलं.

तर प्रश्न असा की कुठल्या सिनेमापासून सुरू केलं तर मायकल स्कॉट डोक्यातून उतरेल? आणि दुसरं, नवरा म्हणतो विनोदी नटाने नकली नाक लावून खऱ्या माणसाचा रोल केला की ऑस्कर नॉमिनेशन ठरलेलंच, त्यात कौतुक काय. मला ते पटलं नाही पण उत्तरही सुचलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाका.

तिरकस_तात्या

नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे, त्यांना सांगा :) फॉक्सकॅचर २०१४ चा. त्या वर्षी बेस्ट अॅक्टरच्या पाच नॉमिनेशनपैकी चार खऱ्या माणसांचे रोल होते. एडी रेडमेन हॉकिंग झालेला, कंबरबॅच ट्युरिंग, ब्रॅडली कूपर क्रिस काइल आणि कॅरेल जॉन ड्युपाँट, तोच श्रीमंत वारसदार. मिळालं रेडमेनला. मेकअपलाही नॉमिनेशन होतं, म्हणजे नाकाची दखल वेगळी घेतली गेली होती, नाकाचे मार्क कॅरेलच्या खात्यात धरायचं कारण नाही.

पण मायकल स्कॉट उतरवायचाच कशाला? उलट तो डोक्यात ठेवूनच परत बघा. मायकलला काय हवं असतं, तर लोकांनी आपल्याला भारी म्हणावं. जगातला सर्वोत्तम बॉस असं लिहिलेला मग त्याने स्वतःच विकत घेतलेला असतो. आता ड्युपाँट बघा. कुस्तीतलं फारसं काही येत नाही पण पैसा अमाप, म्हणून इस्टेटीवरच कुस्तीचं ट्रेनिंग सेंटर काढलं, ऑलिम्पिक गोल्डवाले शुल्ट्झ बंधू, मार्क आणि डेव्ह, पदरी ठेवले आणि स्वतः कोच म्हणून मिरवायला लागला. मला ईगल म्हणा, गोल्डन ईगल म्हणा, असं स्वतःच सांगतो. हा तोच मगवाला माणूस आहे हो, फरक एवढाच की याला नाही म्हणायची कुणाची टाप नाही.

त्यात एक सीन आहे. आई व्हीलचेअरवरून ट्रेनिंग हॉलमध्ये येते, तिला कुस्ती म्हणजे हलका खेळ वाटतो, आणि ती आली म्हटल्यावर हा ताबडतोब पैलवानांना गोळा करून अगदी प्राथमिक काहीतरी शिकवायला लागतो. ती पोरं जागतिक दर्जाची, ती मुकाट ऐकतात. आई थोडा वेळ बघते आणि न बोलता निघून जाते. बास. कॅरेल तिथे काहीही करत नाही, रडत नाही, चिडत नाही, चेहरा फक्त विझतो. ऑफिसमध्ये असाच पॉज आला की आपण हसायचो, कारण पाठोपाठ कुणीतरी कॅमेऱ्याकडे बघायचं आणि आपली सुटका व्हायची. इथे सुटका नाही. तुम्हाला जे कसंतरी झालं ना ते हेच.

अजून एक गंमत. ड्युपाँट स्वतःवर डॉक्युमेंटरी करवून घेतो आणि त्यात डेव्ह शुल्ट्झने कॅमेऱ्यासमोर म्हणायचं असतं की जॉन माझा गुरू आहे. डेव्ह झालेल्या मार्क रफालोला ते वाक्य तोंडातून निघता निघत नाही. आता सांगा, कॅमेरा क्रू बोलावून स्वतःचं मोठेपण शूट करून घेणारा माणूस आपण आधी कुठे बघितलाय!

रात्रपाळी

तात्यांशी सहमत, पण सुरुवात फॉक्सकॅचरने करू नका, दोन दिवस मूड जातो. द बिग शॉर्ट (२०१५) लावा.

२००८ चं मार्केट कोसळणार हे आधीच ओळखून त्याच्या विरुद्ध बेट लावणाऱ्या लोकांची गोष्ट. कॅरेलचा मार्क बाउम म्हणजे खऱ्या आयुष्यातला स्टीव्ह आइसमन. मायकल बरी हे एक पात्र सोडलं तर मुख्य लोकांची नावं बदलली आहेत, आणि आइसमनच्या घरातलं दुःखही सिनेमात भावाच्या आत्महत्येवर नेलंय. मला ते योग्यच वाटलं, सगळंच जसंच्या तसं मांडलं पाहिजे असं थोडीच आहे.

इथे त्याचं काम फक्त ऐकायचं आहे. खरंच. फ्लोरिडात एक स्ट्रिप डान्सर त्याला सांगते की तिच्या नावावर पाच घरं आणि एक काँडो आहे, आणि लोन सगळ्यांवर. तो काही विनोद मारत नाही, पण पाच घरं हा आकडा त्याच्या चेहऱ्यावर उतरताना बघा. लास वेगासच्या हॉटेलातला जेवणाचा सीन तर कळसच, समोरचा माणूस शांतपणे जेवत जेवत सिंथेटिक सीडीओ (सीडीओ म्हणजे अनेक कर्जांचं गाठोडं बांधून विकायचं) म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे बेटवर बेट, आणि त्या बेटवर पुन्हा बेट, आणि मूळ कर्जाच्या कितीतरी पट पैसा त्यावर लागलेला, आणि बाउमचं तोंड हळूहळू वाकडं होत जातं. मला स्वतःला त्या सीननंतर सीडीओ कळलं, त्याआधी वाचून डोक्यावरून गेलं होतं.

आणि शेवटी सगळं कोसळत असताना त्याला विकून मोकळं व्हायचं असतं, विकलं की अफाट फायदा, तरी तो विका म्हणायला तयार होत नाही. आपलं म्हणणं खरं ठरलं याचाच त्याला त्रास होतोय. यात नाक नाही, काही नाही, फक्त एक वाईट हेअरकट आहे.

दिग्दर्शक अॅडम मके म्हणजे तोच ज्याने २००४ मध्ये अँकरमनमध्ये कॅरेलला ठार येड्या ब्रिकचा रोल दिला होता. गोल्डन ग्लोबला या सिनेमासाठी कॅरेलचं नॉमिनेशन कुठल्या गटात होतं माहितीये? कॉमेडी-म्युझिकल! लोकांची घरं गेली आणि म्हणे कॉमेडी.

मधली_सुट्टी

मी थोडी वेगळ्या मताची आहे. वरती सगळे म्हणतायत तो सगळीकडे भारी, तर नाही. जिथे स्वतःला फसवणारा माणूस आहे तिथे तो भारी, जिथे साधा सरळ माणूस आहे तिथे त्याचे हात बांधले जातात.

ब्युटिफुल बॉय (२०१८) बघा. डेव्हिड शेफ हा पत्रकार बाप, मुलगा निक क्रिस्टल मेथमध्ये अडकलेला. बाप आणि मुलगा दोघांनीही आपापली पुस्तकं लिहिलीत, सिनेमा दोन्ही मिळून केलाय. म्हणजे माणसं हयात, सगळं अनुभवाचं, आणि मला वाटतं म्हणूनच कॅरेल फार जपून वागतो. निक झालेला टिमथी शालामे समोर धुमाकूळ घालतो आणि हा आपला कपाळाला आठ्या घालून काळजी करतो. दोघं एका रेस्टॉरंटमध्ये समोरासमोर बसतात आणि मुलगा पैसे मागतो, तो सीन चांगला आहे, पण तिथेही नजर शालामेवरच जाते. ओरडायचे सीन तर मला खोटेच वाटले, त्याचा चढलेला आवाज ऐकला की डोक्यात थेट मायकलच येतो, काय करणार.

वेलकम टू मार्वेन त्याच वर्षीचा. मार्क होगनकॅम्पला मारहाणीत मेंदूला इजा झाली, आठवणी गेल्या आणि त्याने अंगणात दुसऱ्या महायुद्धातलं गाव बाहुल्या मांडून उभं केलं, त्याचे फोटो काढले. केवढी विलक्षण खरी गोष्ट! आणि सिनेमाने निम्मा वेळ अॅनिमेटेड बाहुल्यांची मारामारी दाखवली. दणकून आपटला. यात कॅरेलचा दोष कमी, पण हेही त्याच्याच खात्यात आहे ना.

व्हाइस या सिनेमातला रम्सफेल्ड, तो संरक्षणमंत्री, मात्र आवडला. तरुण डिक चेनी (पुढे अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला तो) त्याला अगदी निरागसपणे विचारतो की आपण नेमकं मानतो काय, आपली तत्त्वं कुठली? तर रम्सफेल्ड हसायला लागतो, हसत हसत आपल्या खोलीत जातो, दार लावतो आणि दाराआडूनही हसणं ऐकू येत राहतं. एवढ्या एका हसण्यात सगळा माणूस आला. पण हे झालं फटकाऱ्याचं काम, अर्कचित्र. त्याला मी रेंज म्हणणार नाही.

तिरकस_तात्या

@मधली_सुट्टी अर्कचित्राला रेंज म्हणणार नाही आणि साध्या बापाला मार्क देणार नाही, मग त्याने करायचं तरी काय बिचाऱ्याने :) ब्युटिफुल बॉयबद्दल तुमचं बरंचसं खरं आहे, पण तो बाप साधा आहे हे मला पटत नाही. मी पत्रकार आहे, नीट माहिती काढली की मुलाला वाचवू शकेन, हा त्याचा भ्रमच आहे की. डॉक्टरांना प्रश्न विचारतो, नोंदी काढतो. फक्त हा भ्रम हसण्यासारखा नाही एवढंच.

फोरहँड

कुणीच बॅटल ऑफ द सेक्सेस (२०१७) बद्दल बोलत नाहीये? माझ्या मते सगळ्यात अवघड रोल तो आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. बॉबी रिग्ज (कॅरेलचा रोल), १९३९ चा विम्बल्डन विजेता, तेव्हा वय ५५, जुगाराचा नाद. १९७३ च्या मे महिन्यात त्याने मार्गारेट कोर्ट या टेनिसपटूला ६-२, ६-१ असं धुतलं आणि बायकांच्या टेनिसची टर उडवत सुटला. मग दुसरी टेनिसपटू बिली जीन किंग हिने आव्हान घेतलं. २० सप्टेंबर १९७३, ह्यूस्टनचा अॅस्ट्रोडोम, किंग जिंकली ६-४, ६-३, ६-३.

आता यात अडचण अशी की रिग्ज स्वतःच चोवीस तास नाटक करणारा माणूस होता. फोटोग्राफर दिसला की पोज, रिपोर्टर दिसला की पुरुषांच्या श्रेष्ठत्वाचं भाषण, मॅचला येताना स्पॉन्सरचं पिवळं जॅकेट घालून आला आणि किंगला भलामोठा लॉलीपॉप दिला, तिने त्याला डुकराचं पिल्लू दिलं. विनोदी नटाला असा रोल म्हणजे आयतं कुरण, नुसता चरत सुटला असता तरी चाललं असतं. पण तो चरत नाही. जुगार सोडवणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये रिग्ज उठून सगळ्यांना सुनावतो की तुमचा प्रॉब्लेम जुगार नाहीये, तुम्हाला जुगार नीट खेळता येत नाही हा आहे. हसू येतं, आणि लगेच कळतं की याचं घर मोडलंय ते यानेच. मॅच संपल्यावर तो लॉकर रूममध्ये एकटा बसतो तेव्हा समोर प्रेक्षक नाहीत, कॅमेरा नाही, आणि अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा हे या माणसाला माहीतच नाही असं वाटतं.

आणि काळ दाखवणं म्हणजे नुसतं साइडबर्न आणि रुंद कॉलर नव्हे हेही इथे दिसतं. तेव्हा बहुतेक रॅकेट लाकडाच्या असायच्या, फटके हळू, बॉल वर उडवून समोरच्याला दमवायचं. कॅरेल चालतो, खेळतो तेही तसंच, जुन्या खेळाडूसारखं किंचित पाय ओढत. दिग्दर्शक जोडी डेटन आणि फॅरिस, लिटल मिस सनशाइन (२००६) वाली. त्यात त्याने आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला, प्रूस्त या फ्रेंच लेखकाचा अभ्यासक केला होता, तेही ऑफिस नुकतंच सुरू झालेलं असताना. म्हणजे कॅरेल अचानक गंभीर झाला वगैरे म्हणतात ते काही खरं नाही.

खिडकीपाशी

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल बिग शॉर्ट बघितला, ते पाच घरांचं आता डोक्यातून जात नाहीये. नवऱ्याला जेवणाचा सीन आवडला पण नाकाचा मुद्दा तो सोडायला तयार नाही.

फॉक्सकॅचर शेवटपर्यंत बघायचा म्हणते, पण आधी एक सांगा, ते सगळं खरंच तसंच घडलं का?

तिरकस_तात्या

मुख्य गोष्ट खरी. शुल्ट्झ बंधूंना १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये गोल्ड, आणि ड्युपाँटने डेव्हला गोळ्या घातल्या जानेवारी १९९६ मध्ये. पण सिनेमात १९८८ चं सोल ऑलिम्पिक आणि खून हे जवळजवळ एकापाठोपाठ आल्यासारखे वाटतात, मधली सात-आठ वर्षं गाळली आहेत. त्यामुळे मार्क शुल्ट्झच्या ड्युपाँटशी झालेल्या भांडणाचा आणि खुनाचा सरळ संबंध असल्यासारखं दिसतं, ते डोक्यात ठेवून बघा. ड्युपाँटच्या मानसिक आजाराबद्दलही सिनेमा स्पष्ट बोलत नाही, कोर्टाने मात्र त्याला दोषी पण मानसिक रुग्ण असं धरलं होतं. २०१० मध्ये तुरुंगातच गेला. मार्क शुल्ट्झ स्वतः सिनेमावर ट्विटरवर जाम भडकला होता, नंतर शांत झाला.

त्यात हेलिकॉप्टरमध्ये ड्युपाँट मार्ककडून स्वतःची ओळख पाठ करून घेतो ना, पक्षीतज्ज्ञ, तिकीटसंग्राहक, दानशूर अशी, ती काही फेकाफेकी नव्हती. १९८० मध्ये ब्रिटिश गयानाचं ते प्रसिद्ध एक सेंटचं तिकीट ९,३५,००० डॉलर देऊन त्यानेच गुपचूप विकत घेतलं होतं.

रात्रपाळी

तिकिटाचं माहीत नव्हतं, भारीच!

अवांतर: ज्यांना न्यूयॉर्कला जायला जमतं त्यांचा हेवा वाटतो, २०२४ मध्ये लिंकन सेंटरला कॅरेलने चेकॉव्हचा अंकल व्हान्या केला. व्हान्या म्हणजे भर घरात पिस्तूल झाडतो आणि तेही चुकतं. याला दुसरा कुणी नट शोभेल का.

मधली_सुट्टी

शोभेल की. आपले दिलीप प्रभावळकर. टिपरे आजोबा करत असलेल्या माणसाने पुढे २००६ मध्ये मुन्नाभाईतला गांधी केला, नॅशनल अवॉर्ड मिळालं, आणि तेव्हा कुणीही नाकाबद्दल बोललं नाही.

फोरहँड

@मधली_सुट्टी +१०० पण धागा कॅरेलचा आहे, प्रभावळकरांचा वेगळा काढा, तिथे हसवाफसवीवर मला बरंच लिहायचंय.