मदत हवी आहे : केलेब विल्यम्स सुधारला, की त्याच्यापुढची फळी?

मंडळी, अमेरिकन फुटबॉल जाणणाऱ्यांनी जरा समजावून सांगा. शिकागो बेअर्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) केलेब विल्यम्स 2024 च्या पहिल्याच मोसमात 68 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. संघ सलग 10 सामने हरला. थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातला अमेरिकन सण) डेट्रॉइटमधल्या सामन्यात तर कहरच! तीन गुणांनी मागे, केलेब सॅक झाला, घड्याळ थांबवायला टाइमआउट शिल्लक असूनही ते धावत राहिलं, आणि जेमतेम 6 सेकंद उरले तेव्हा चेंडू स्नॅप झाला, म्हणजे पुढचा डाव सुरू झाला. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाची गच्छंती.

2025 मध्ये नवे मुख्य प्रशिक्षक बेन जॉन्सन आले आणि सॅक खूपच कमी झाले. आमच्या ऑफिसातले काही जण म्हणतात, पोराचा आत्मविश्वास वाढलाय. बाकीचे म्हणतात, थूनी, डालमन, जॅक्सन असे त्याच्यापुढे उभं राहून त्याला वाचवणारे तगडे लाइनमन आणले, श्रेय त्यांचं. मला पहिलं पटतं. तो आता उगाच मागे मागे पळत नाही, जमत नसेल तर चेंडू सरळ बाहेर फेकून देतो. पण हे पटवून देता येत नाही.

टीव्हीवर लांबचे रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) दिसतच नाहीत. मग सॅक लाइनमुळे झाला की त्याने चेंडू फार वेळ धरून ठेवला म्हणून, हे ओळखायचं कसं? स्नॅपनंतर आधी नजर कुठे ठेवायची?